मधल्या पायरीवर कोण उतरणार?



आपण दीक्षा घेतली, देव्हारे रिकामे केले, नवस-सायास सोडले. ह्या सर्वांचा हेतू एकच होता: आपली बुद्धी आपल्या ताब्यात यावी. परंतु ज्या घरातील मूल शिक्षण अर्ध्यावर टाकते, त्या घराचा विचार पुन्हा दुसराच कोणी करू लागतो. म्हणून शिक्षणाचा प्रश्न हा आपल्या धर्मांतराचाच प्रश्न होय.

२९ जुलै २०२० रोजी केंद्र सरकारने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. त्याने महाविद्यालयाच्या जिन्याला मधल्या वाटा ठेवल्या आहेत. एका वर्षाने सोडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. धोरणाचे कैवारी म्हणतात, पूर्वी मध्येच सोडणाऱ्याच्या हाती काहीच पडत नसे. आता निदान कागद पडेल, आणि त्याला परतही येता येईल. हे म्हणणे खोटे नाही. परंतु आमचा प्रश्न असा आहे की, मधल्या पायरीवर उतरणार कोण? ज्याच्या घरी जमीनजुमला आहे तो काय? मुळीच नाही! ज्याची शिष्यवृत्ती वेळेवर आली नाही, ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही, आईच्या आजारपणात ज्याला वीटभट्टीवर जावे लागले, तोच उतरेल. पूर्वी ह्याला गळती म्हणत, व त्या शब्दाची सरकारला लाज वाटे. आता त्याच गळतीवर शिक्का मारून तिला प्रमाणपत्र म्हणतील!

परतण्याच्या मुभेचेही तसेच. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून खुद्द बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुन्हा येण्याची परवानगी त्यांच्या खिशात होती. नव्हता तो पैसा. सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून शिल्लक टाकून आणि शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. परवानगीने बोटीचे तिकीट निघत नाही, हा ह्या इतिहासाचा धडा आहे.

आणि पैशाची कथा काय? शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च करू, असे १९६८ च्या धोरणाने सांगितले. १९८६ च्या धोरणाने तेच सांगितले. २०२० च्या धोरणानेही तेच सांगितले. तीनदा दिलेले वचन एकदाही पुरे झाले नाही. कर रयतेचा आणि विद्या वरच्या वर्गाची, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडले होते. ते अद्याप निकालात निघालेले नाही.

तेव्हा वाचकहो, केवळ संतापून भागणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, आणि त्यांत वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व दिले आहे. त्या जागा रिकाम्या सोडू नका. निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. मातांनो, तुम्ही पुढे या. शिष्यवृत्ती थकली तर एकट्याने हेलपाटे घालू नका; विहारात सभा भरवा आणि सर्वांनी मिळून जाब विचारा. विहारात जमणाऱ्या वर्गणीचा एक वाटा अडलेल्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवा.

आपल्या मुलाला जिना पुरा चढू द्या. मधल्या पायरीवर बसण्यासाठी आपण दीक्षा घेतलेली नाही!

जय भीम.