आधी चिमटा तपासा!

भोरहून वरंधा घाटाने किंवा वेल्ह्याहून पाबे घाटाने जाताना मोटारसायकल वळणावर डुलू लागली, की आपण रस्त्याला नाहीतर टायरला दोष देतो. माझ्या मते आधी चिमटा तपासावा. मागचे चाक ज्या दोन फाट्यांच्या दांड्यात बसवलेले असते, त्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात. तो सांगाड्याला आडव्या बोल्टाने जोडलेला असून त्याच्या दोन्ही बाजूंना बुश असतात.

आता साधे त्रैराशिक मांडा. दोन बुशांमध्ये २० सेंमी अंतर आणि चिमट्याची लांबी ५० सेंमी धरू. एक बुश झिजून चिमटा त्या बाजूला १ मिमी पुढेमागे सरकू लागला, तर चाक किती बाजूला जाईल? २.५ मिमी! शिवाय चाकाची दिशाही किंचित बदलते. म्हणजे हँडल न फिरवता गाडी वळू पाहते! बुशांमधील अंतर वाढवले आणि सांगाडा पिळला जाणार नाही असा केला, तर हा दोष घटतो. रेक्स मॅककँडलेस यांनी असाच भक्कम, दुहेरी नळ्यांचा सांगाडा रचला. त्यावर नॉर्टन कंपनीने १९५० साली आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत जिंकली.

आपण मात्र गाडी घेताना इंजिन किती सीसीचे, एवढेच विचारतो. हे बदलायला हवे. रविवारी वडीलधाऱ्यांच्या मदतीने, इंजिन बंद व थंड असताना, गाडी मेन स्टँडवर लावा आणि चिमट्याचे मागचे टोक आडवे हलवून पाहा. बुशापाशी खटखट जाणवली, तर गाडी मेकॅनिककडे न्या. घाटाचा रस्ता सुधारणे आपल्या हाती नाही. बुश बदलणे मात्र नक्कीच आहे.