दाराची किरकिर

मंडळी, मराठीत किरकिर आणि कन्नडमध्ये किरिकिरि. आपल्या घरांत ज्याचा अर्थ कुणालाच सांगावा लागत नाही असा हा शब्द. गेलं वर्षभर तो आमच्या गाडीच्या मागच्या दारात मुक्कामाला होता. खड्डा आला की कुंई, गतिरोधक आला की कुंई. सासूबाई विचारायच्या, "एन्री सप्पळ अदु?" मी म्हणायचो, "काही नाही आई, दाराचं रबर वाजतंय."

घरात इंजिन ऑइलचा उरलेला डबा होता. दर रविवारी बोळ्याने रबराला तेल चोपडू लागलो. आवाज बंद झाला. मी खूष!

दोनेक महिन्यांनी मेव्हणीच्या कुबसासाठी आम्ही बेळगावहून बारडोलीला निघालो. १९२८ च्या सत्याग्रहात वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी मिळाली, ती याच बारडोलीत. आता तिथे मोठा सहकारी साखर कारखाना आहे. नवसारी सोडली आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला, अगदी चिकोडी-रायबागसारखा. सासूबाई दाराला टेकून पेंगत होत्या. इतक्यात सौ. म्हणाली, "अहो, दारातून वारा येतोय."

गाडी थांबवून पाहिलं. दार पहिल्याच खटक्यावर अडकलेलं, पुरतं लागलेलंच नव्हतं! आणि त्यालाच टेकून आई झोपल्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला.

बारडोलीतला गॅरेजवाला निघाला मूळचा नंदुरबारकडचा. रबर दाबून पाहत म्हणाला, "साहेब, याला तेल कुणी पाजलं?" मी गप्प. मग त्याने समजावलं. दाराचं हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. ऊन-पावसाला ते दाद देत नाही, पण खनिज तेल प्यालं की फुगतं, मऊ पडतं. फुगलेलं रबर दाराला आत येऊ देत नाही. आवाजाचं कारण तर साधंच होतं. गाडी हलली की दार आणि चौकट किंचित सरकतात. धूळ बसलेलं कोरडं रबर रंगाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं. तीच ती किरकिर.

त्या दाराचं रबर बदलावं लागलं. उरलेल्या तीन दारांना त्याने साबणाच्या पाण्याने पुसलं, चौकटही पुसली, सगळं वाळू दिलं आणि कापडावर सिलिकॉन ग्रीस घेऊन पातळ हात फिरवला. वरचं जास्तीचं पुसून टाकलं. "काचेला आणि ब्रेकला हे लागू देऊ नका," असंही बजावलं. एवढं करूनही वाजलं तर बिजागरी आणि कुलपाचा हुक तपासायचा, कारण दार सैल असलं तर रबराचा दोष नसतोच.

तेव्हा मंडळी, खोबरेल असो की इंजिन ऑइल, घरातलं तेल घेऊन रबराकडे जाऊ नका. आवाज थांबला म्हणजे दुरुस्ती झाली, असं मी समजलो होतो.

परतीच्या वाटेवर सगळं शांत होतं. सासूबाईंनी मात्र एक नवी सवय लावून घेतली आहे. आत बसल्या की दार स्वतः दोनदा ढकलून पाहतात, मग माझ्याकडे बघून म्हणतात, "ईग होगोण."