केकवरची फुले

वाढदिवसाच्या केकवर ‘बाग’ फुलवण्याची हौस आता घरोघरी दिसते. हौस चांगलीच, परंतु सजावटीसाठी खोचलेले फूल खाद्यपदार्थाला स्पर्श करते, याचे भान हवे. अंगणातली गुलाबी कण्हेर किंवा पिवळी बिट्टी कितीही मोहक दिसली, तरी तिचे सर्व भाग विषारी असून त्यांचा हृदयाच्या ठोक्यांवर घातक परिणाम होतो. फुलवाल्याकडील गुलाबावर कीटकनाशक असू शकते. म्हणून घरच्या, औषध न फवारलेल्या गुलाबाच्या पाकळ्याच धुऊन, कोरड्या करून वापराव्यात. चमकीच्या डबीवर ‘बिनविषारी’ असे छापले, तरी ती खाण्यायोग्य असतेच असे नाही. केक कापला की लहानग्यांचा हात प्रथम सजावटीकडेच जातो. तेव्हा जे त्यांच्या तोंडात गेले तरी चालेल, तेच केकवर असू द्यावे.