रिकामे डबे माळ्यावरच राहतात

आपल्याकडच्या कुठल्याही शनिवारच्या जेवणात निम्मी मंडळी सॉफ्टवेअरची. त्यांना विचारा, फ्री केल्यावर मेमरी जाते कुठे? उत्तर ठरलेलं: ऑपरेटिंग सिस्टिमकडे परत. बहुतेक वेळा ती कुठेच जात नाही.

लिनक्सवरची जीलिबसी घ्या. फ्री केलेला तुकडा ती स्वतःच्याच याद्यांमध्ये ठेवून देते, पुढच्या मॅलॉकला हाताशी असावा म्हणून. आईच्या माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखं, भंगारवाल्याकडे काही जात नाही. मुख्य हीपच्या वरच्या टोकाला १२८ केबीपेक्षा जास्त सलग जागा मोकळी झाली तरच ती परत करतात. त्या टोकाशी एखादा चिमूटभर तुकडा वापरात असला, की खालचे शेकडो एमबी अडकले. मोठ्या मागण्या एमएमॅपने वेगळ्या घेतल्या जातात आणि लगेच परत जातात खऱ्या, पण असा एक तुकडा फ्री केला की 'मोठी' म्हणजे किती, ही मर्यादाच वर सरकते. ६४ बिटवर थेट ३२ एमबीपर्यंत. शिवाय थ्रेडसाठी निरनिराळे अरीना, कोअरच्या आठपट. ३२ कोअरचं मशीन असेल तर २५६ माळे!

आमच्या गटातल्या एका पीएचडीच्या मुलीचे जॉब क्लस्टरवर मेमरीची मर्यादा ओलांडून मारले जात होते. सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, लीक शोध. सांगणाऱ्यांत मीही होतो. तीन आठवडे ती वॅलग्राइंड चालवत बसली. एक बाइटही हरवलेला नव्हता. शेवटी मॅलॉक_अरीना_मॅक्स दोनवर आणलं आणि जॉब सुरळीत चालला. तोवर तिला स्वतःचाच कोड वाचायची भीती वाटू लागली होती. माफी कुणी मागितली नाही.

हे सगळं वेगासाठी आहे, असं कुणी म्हणेल. मान्य. एकाच कुलुपापाशी सगळे थ्रेड ताटकळले असते. डग ली यांनी १९८७ मध्ये सुरू केलेल्या आणि वोल्फ्राम ग्लोगर यांनी थ्रेडसाठी वाढवलेल्या त्या रचनेशी माझं भांडण नाही. भांडण शिकवणाऱ्यांशी आहे. 'मॅलॉक केलंस की फ्री कर' एवढं सांगून आपण मोकळे होतो, आणि पुढे आकडा फुगला की पोरांना बेशिस्त ठरवतो, नाहीतर रॅम वाढवा म्हणतो.

पुढच्या वेळी कुणाला लीक म्हणण्याआधी मॅलॉक_ट्रिम(०) एकदा चालवून पाहा. आकडा धाडकन उतरला, तर उतरलेली मेमरी माळ्यावर होती.