पाण्याला कातडी असते का?



मागील महिन्यात आमची कन्या शाळेतून आली ती, "पाण्याला कातडी असते," असे सांगतच. आम्ही मान डोलावली. त्यावर तिने विचारले, "मग पाणी प्यायल्यावर ती कुठे जाते?" आम्हांला उत्तर सुचले नाही.

मग वाडगाभर पाणी घेतले. जेवणाच्या काट्यावर आडवी ठेवलेली पोलादी पेपर क्लिप अलगद पाण्यावर सोडली. पाण्याच्या जवळजवळ आठपट घनतेचे पोलाद वरच राहिले! भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब कडेला टाकताच मात्र क्लिप तळाशी गेली.

याचे मूळ रेणूंच्या शेजारात आहे. पाण्याच्या आतील रेणूला सर्व बाजूंनी शेजारी ओढतात. पृष्ठावरील रेणूला वरच्या बाजूस तसे शेजारी नसतात. शेजारी कमी, म्हणजे ऊर्जा अधिक. म्हणून पाणी आपले पृष्ठ शक्य तितके लहान ठेवू पाहते, आणि लहान थेंब गोल होतो. हीच ओढ म्हणजे पृष्ठताण. खोलीच्या तापमानाला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण दर मीटर लांबीस सुमारे ०.०७२ न्यूटन, म्हणजे साधारण सात ग्रॅम वजनाइतका असतो. साबणाचे रेणू पृष्ठावर जाऊन बसतात आणि तो निम्म्याहून खाली आणतात. तेव्हा कातडी ही निराळी वस्तू नव्हे. कडेला असलेल्या पाण्याच्याच रेणूंची ती अवस्था आहे.

स्वयंपाकघरातील अशा प्रयोगांना थोर परंपरा आहे. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांच्या तरुणपणी तेथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. घरकाम आणि आईवडिलांची शुश्रूषा सांभाळून त्यांनी पत्र्याचे उथळ पात्र केले. त्यातील पाण्यावर पट्टी सरकवून त्या पृष्ठ लहानमोठे करीत आणि पाण्याला टेकलेली छोटी चकती वर उचलण्यास लागणारा जोर तराजूने मोजीत. १८९१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष लॉर्ड रॅली यांना कळवले. रॅलींनी ते 'नेचर'मध्ये प्रसिद्ध करविले. पुढे आपल्या न्यूयॉर्क राज्यात, स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत, अर्व्हिंग लँगम्यूर यांनी तीच पद्धत सुधारून पाण्यावरील तेलाचा थर एका रेणूइतकाच जाड असू शकतो हे १९१७ मध्ये दाखविले. १९३२ साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी पॉकेल्स यांना मानद डॉक्टरेट मिळाली. ते पात्र मात्र आज बहुधा लँगम्यूर यांच्याच नावाने ओळखले जाते.

बंद दार म्हणजे काय, हे आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होते. आपल्या मुलांना प्रयोगशाळा खुली आहे. त्यांचा प्रश्न घरी नुसत्या मान डोलावण्याने मिटू नये. या रविवारी मुलांसह एका सेंटच्या नाण्यावर थेंब मोजून पाहावेत: आधी साध्या पाण्याचे, मग साबणाच्या. कोणते अधिक मावतील, हे मुलांनी आधी सांगावे आणि मग मोजावे.