संघर्षयोद्धा, फोटो बदलून मिळेल

आमच्या नाक्यावरचा एसटीचा थांबा आठवडाभर दिसत नाही. त्याच्यापुढे भलामोठा फ्लेक्स उभा आहे : ‘संघर्षयोद्धा’ साहेबांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा. साहेब गॉगल लावून, फोन कानाला धरून आभाळाकडे बोट दाखवताहेत. खाली शुभेच्छुकांची अडतीस तोंडं. मोजली मी, एसटी येईपर्यंत दुसरा उद्योग नव्हता.

साहेबांनी संघर्ष केला तो नेमका कोणाशी, हे फ्लेक्स छापणाऱ्या पोराला विचारलं. म्हणाला, ‘‘काका, सत्तेत असले की कार्यसम्राट, बाहेर असले की संघर्षयोद्धा. दोन्ही डिझाइनं तयार असतात. फोटो तेवढा बदलायचा.’’ राज्यशास्त्राची पदवी घ्यायला मी उगाच तीन वर्षं घालवली.

मी रायगडातला. निदान या जिल्ह्यानं तरी हा शब्द असा उधळू नये. २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेबांच्या मागोमाग माणसांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याबद्दल त्यांना मार बसला, तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं, प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. ओंजळभर पाण्याचा दावा दहा वर्षं चालला.

आणि अलिबागजवळची चरी. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही. एखादा हंगाम नव्हे, थेट १९३९ पर्यंत. पाऊस वेळेवर येत होता, आणि यांच्या खाचरांत मात्र गवत. शेतकऱ्याला राबायला सांगा, तो मरेस्तोवर राबेल. पण पिकणारी जमीन सहा पावसाळे डोळ्यांदेखत पडीक ठेवायची, घरात पोरं उपाशी असताना नांगराला हात लावायचा नाही, मोळ्या विकून चूल पेटवायची, हे कुठल्या काळजानं केलं असेल? त्या पडीक शेतांतूनच कुळकायद्याची वाट निघाली. लोक त्याला आजही साधं ‘चरीचा संप’ म्हणतात. भारी शब्द शोधत बसायला तेव्हा कोणाला सवड नव्हती.

आता त्याच महाडचा ताजा अंक. जानेवारी २०२५ मध्ये रायगडच्या पालकमंत्रिपदाची घोषणा झाली, सत्तेतल्याच दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते भडकले, मुंबई-गोवा महामार्गावर टायर जळाले, आणि दुसऱ्याच दिवशी नेमणुकीला स्थगिती. चवदार तळ्याला दहा वर्षं, टायरला एक दिवस. यालाही बातम्यांत नाव काय? ‘पालकमंत्रिपदासाठी संघर्ष’. तळ्यासाठी जो शब्द, तोच खुर्चीसाठी. वाण्यानं सोनं आणि सुपारी एकाच काट्यावर तोलावी तसं.

आम्ही मध्यमवर्गीयही काही कमी नाही. सोसायटीच्या पार्किंगसाठी आमचा संघर्ष, नातवाच्या नर्सरी प्रवेशासाठी संघर्ष. एका लेखाच्या मानधनासाठी मी सहा पत्रं लिहिली, तेव्हा बायकोला मीही हाच शब्द ऐकवला होता. ती हसली, ते बरंच झालं.

अहो, शब्दातच ‘घर्ष’ आहे. घासलं की काहीतरी झिजायला हवं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांचे तळवे सगळ्या महाराष्ट्रानं पाहिले. कातडी सोलवटून निघाली होती. तरी दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना अडचण नको, म्हणून शेवटचा टप्पा ते रातोरात चालले. रस्ता अडवण्याचा सगळ्यात मोठा हक्क ज्यांना होता, त्यांनीच तो मोकळा ठेवला. आमच्या साहेबांचं काय झिजलं ते कोणी दाखवावं. बुटाचा तळ दाखवलात तरी चालेल.

थांब्यावर रोज एक मासळीवाली मावशी असते. परवा तिला म्हटलं, ‘‘मावशी, फ्लेक्सवर काय लिहिलंय, वाचलंत?’’ म्हणाली, ‘‘मला कुठं वाचता येतं? पण सावली पडते बरी. तेवढं बर्फाचं वितळणं कमी होतं.’’ पहाटे तीनला उठून बंदरावर, तिथून लिलाव, मग ही पाटी. मी विचारलं, ‘‘फार ओढाताण होते ना?’’

‘‘ओढाताण कसली? धंदा हाय,’’ ती म्हणाली.

तेवढ्यात एसटी आली. फ्लेक्सच्या आडून ड्रायव्हरला आम्ही दिसलोच नाही. गाडी पन्नास पावलं पुढं जाऊन थांबली. मावशीनं पाटी डोक्यावर घेतली आणि पळत सुटली.