टिकाऊपणाच्या हिशेबात कोयत्यामागची बाई कुठे?



दिवाळी सरली की बीड, जालन्याकडच्या वस्त्या ओस पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाची उचल या कोयत्याला मिळते, म्हणजे बहुधा नवऱ्याच्या हातात. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. कागदावर मात्र तिचं नाव सहसा नसतंच.

साखर उद्योगात सध्या ‘शाश्वतता’ या शब्दाला मोठा भाव आहे. मोठे खरेदीदार प्रमाणपत्र असलेली साखर मागतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठलं गेलं आणि ‘हरित इंधन’ म्हणून उसाला नवी बाजारपेठ मिळाली. सेबीने २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. थोडक्यात, चांगलं नाव आता स्पर्धेत पुढे नेतं.

पण हे नाव कशाच्या जोरावर? २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या पाहणीचे आकडे आले. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. पाळीत, आजारपणात खाडा पडला की दंड. वर खाजगी दवाखान्यात घातलेली कॅन्सरची भीती. पाणी, वीज, धूर यांचं मोजमाप होतं. तिच्या शरीराची झीज कुणी मोजायची? कारखान्याचं उत्तर ठरलेलं : ‘त्या आमच्या कामगार नाहीत, मुकादमाच्या आहेत.’

जो धंदा बाईचं शरीर झिजवून चालतो, तो टिकाऊ कसा?

तरीही ‘हे सगळं ढोंग आहे’ म्हणून आपण पाठ फिरवू नये. नावाला किंमत आली, की नाव जाण्याची भीतीही येते. २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या बायांची परिस्थिती छापली, तेव्हा इथली साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय शीतपेय कंपन्यांनाही जाब विचारला गेला. ही भीती आपल्या हातातलं हत्यार आहे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असू द्या. कोयत्यावरच्या बाईची स्वतंत्र नोंद, तिची मजुरी तिच्या खात्यात, खाड्याचा दंड बंद, फडावर पाणी, संडास, पाळणाघर. आणि प्रमाणपत्र देण्याआधी तपासनीसाने मुकादमाशी नव्हे, मुकादमाच्या पाठीमागे, बायांशी बोलावं.

येत्या हंगामात आपल्या भागातल्या कारखान्याचा अहवाल मागवा. फडावर बसून, बायांसोबत तो मोठ्याने वाचा. त्यात त्या कुठे आहेत, ते त्याच सांगतील.

– संपादक मंडळाच्या वतीने